पिवळं तोंड

कांदळबागची खालची वाडी समुद्राखाली राहायला गेली, तेव्हापासून वरच्या वाडीतल्या माणसाला खाली पाहुणा जायचं तर तोंडात रेग्युलेटर धरूनच जावं लागतं. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली, मग सवय झाली. बारशाला, गणपतीला, बाराव्याला माणसं पाठीवर टाकी बांधून उतरतात आणि ओल्या अंगाने घरी येतात.

खाली राहणाऱ्यांना टाकी लागत नाही. चार दिवसांत पाणी अंगवळणी पडतं. पण वर यायला निघालं की अर्ध्या वाटेत ती सवय सुटते आणि तिथून पुढे हवा लागते. म्हणून कुणाला वर आणायचं असेल तर आणणाऱ्याने आपल्याच टाकीला जोडलेलं दुसरं तोंड, म्हणजे हवेची जादा नळी, बरोबर न्यायचं. ते पिवळं असतं, लांबून दिसावं म्हणून. ज्याचं नाव वरच्या रेशनकार्डावर आहे असं माणूस खाली असेल आणि घरचं कुणी पिवळं तोंड न घेताच त्याला भेटून आलं, तर ते माणूस सोडलं असं धरतात. त्याचं रेशन खाली वळतं. एकदा वळलेलं रेशन परत येत नाही, हे कुणाला सांगायला नको.

द्रौपदी मेतर हिला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती धुरीच्या दुकानात गेली ती पाट्यासाठी.

पाटा तिच्या सासूचा. काळा, जड, मधे पोट खोल गेलेला. सासू मरताना म्हणाली होती, ‘जी बरां वाटता, तिचो पाटो.’ घरात सुना दोन, द्रौपदी थोरली आणि सुगंधा धाकटी. दोघींचे नवरे गेले, एक काविळीने, एक दारूने. मग त्या घरात दोघी आणि पाटा एवढंच उरलं. वाटण सुगंधाचं चांगलं व्हायचं. अख्ख्या वाडीला ते माहीत होतं आणि द्रौपदीला सगळ्यांत जास्त. एके दिवशी बांगड्याच्या तिखल्यावरून बोलाचाली झाली. द्रौपदी म्हणाली, ‘तुझो हात इतको गोड तर जा आपल्या म्हायराक, थंय वाट.’ सुगंधाने पाटा डोक्यावर घेतला आणि गेली. तिचं माहेर खालच्या वाडीत. त्याच आठवड्यात वाडी समुद्राखाली गेली.

तेव्हापासून द्रौपदी मिक्सरात वाटते. खोबरं बारीक होतं, पण आमटीला चव येते ती खडूची. तिला वाटे, हा पाट्याचाच प्रश्न आहे.

धुरीचं दुकान बंदराच्या तोंडाशी. भिंतीवर खिळ्यांना नळ्या टांगलेल्या, खाली बाकड्यावर गिऱ्हाईक. धुरी हा गंभीर माणूस. गरज विचारल्याशिवाय तो कुणाला नळीला हातही लावू देत नसे.

“काकी, खाली कशाक जातास? भेटूक, आणूक, की भांडूक?”

“भांडूक.”

“कोणाशी?”

“तुका कित्याक होयी चवकशी? जावेशी.”

“श्वास तसो लावूक लागता,” धुरी म्हणाला. “भेटूक जाणाऱ्याक मऊ श्वास पुरता. भांडणारो माणूस हवा खाता. तेका मोठो श्वास होयो, नायतर अर्ध्या भांडणात दम लागता.”

त्याने टाकीवर बसणारी दोन डोकी पुढ्यात ठेवली. एक पिस्टनचं, एक पडद्याचं. पिस्टनचं साधं आणि टिकाऊ, पण वाळू आत गेली की रुसतं. तिच्या जावेचं माहेर वाळूतच आहे, तेव्हा पडद्याचंच घ्यावं, असं त्याने सांगितलं. द्रौपदीने दोन्ही हातात घेऊन पाहिली, भोपळा पारखावा तशी, आणि पडद्याचं घेतलं.

“बोलूचो संच नाय काय? तोंडात ह्यां बोंडूक धरून मी भांडतलंय कशी?”

“बोलूचो एकच आसा. तो तलाठ्याकडे असता.”

“शिरा पडो तलाठ्याच्या तोंडार.”

“आणि श्वास सोडताना बुडबुड्यांचो आवाज होता, तेव्हा आयकाक येवचा नाय. श्वास घेताना तेवढा आयकाक येता.”

“माका आयकूचा नायच हा.”

धुरीने मान हलवली, जणू हेही गरजांमध्ये धरलं. मग मुद्द्यावर आला. या डोक्याला तीन भोकं. एक तिच्या तोंडाच्या नळीला. एक हवेच्या काट्याला, तो सोडता येत नाही. उरलं एक.

“त्या भोकाक पिवळा तोंड लावतंय,” असं म्हणत त्याने खिळ्यावरून ते काढलंसुद्धा.

“ठेव तां. पाटो वर कसो आणू?”

जड वस्तू वर आणायची तर फुगणारी पिशवी लागते, आणि पिशवी फुगवायला नळी लागते. ती नळी त्याच भोकात बसते. धुरीने हे सगळं सावकाश सांगितलं. पाटा किंवा पिवळं तोंड. दोन्ही नाही.

“चार भोकांचा डोक्या नाय?”

“आसा. तां लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर खाली गेला हा. परवा येयत.”

“परवापर्यंत माझो राग रवाचो नाय,” द्रौपदी म्हणाली, आणि ते खरं होतं. गेले काही दिवस तो राग तिला धरून ठेवावा लागत होता.

“काकी, सुगंधाचा नाव वरच्या कार्डार आसा. रिकामी गेलास तर सोडल्यानी म्हणान धरतले.”

“धरूंदेत. ती कसली येता! ती गेली ती पाटो डोक्यार घेवन. येवचा असता तर पाटो ठेवन गेली असती.”

धुरीने पिवळं तोंड परत खिळ्याला लावलं आणि पिशवीची नळी बसवली.

सुगंधाचं माहेर सापडायला वेळ लागला नाही. अंगण सारवल्यासारखं सपाट होतं. तुळशीच्या जागी शेवाळाचं झुडूप, त्याला आळं केलेलं. सुगंधा दारातच उभी होती, केस वर तरंगत होते म्हणून पदर घट्ट बांधलेला.

“वयनी! इलंस?”

द्रौपदीने इतकी वर्षं घोकलेली पहिली शिवी तोंडात आली आणि रबराला अडली. बुडबुडे सुटले. मग तिने हातांनी सुरुवात केली. डोक्यावर ओझं घेतल्यासारखे हात नेले, सुगंधाकडे बोट केलं, कपाळ बडवलं.

“होय, पाटो मीच आणलंय,” सुगंधा म्हणाली. “माका वाटला, पाटो आणलंय तर तू मागसून येतलंस. नुसती मी इल्यार कोण येतला?”

द्रौपदीला शेवटचे शब्द ऐकू आले, कारण ती नेमकी श्वास घेत होती. पुढचे दोन-तीन श्वास तिने सावकाश सोडले, आणखी काही ऐकू येऊ नये म्हणून.

पाटा पडवीत होता. त्याला छिन्नीने नवी टाकी लावलेली होती, अगदी ताजी, दाणा दाणा उठून दिसत होता. वरवंटाही टाकवलेला. शेजारी एक गाठोडं बांधून ठेवलं होतं.

“सगळा तयार करून ठेवलंय. घरी गेल्यार लगेच वाटूक बरा. पयला वाटण टाकूचा मात्र, दगडाची कच असता तेच्यात. तू विसरतंस दरवेळी.” सुगंधाने गाठोडं उचललं आणि द्रौपदीच्या खांद्यामागे डोकावली. एक नळी तोंडाची. एक काट्याची. तिसरी तिने हाताने चाचपत शेवटपर्यंत नेली, पिशवीपर्यंत.

“पिवळा खय आसा?”

द्रौपदीची नजर पाट्यावर गेली.

“पाट्याक इलंस,” सुगंधा म्हणाली. रागावून नाही. कुठली गाडी चुकली ते सांगावं तशी.

काटा खाली चालला होता. भांडणाचा श्वास लावलेला आणि भांडण तर होत नव्हतं, हवा नुसतीच भसाभस येत होती. द्रौपदीने तोंडातलं रबर काढलं आणि सुगंधापुढे धरलं. रिकाम्या तोंडाने ती काहीतरी बोललीही. एक मोठा बुडबुडा निघाला आणि वर गेला. त्यात काय होतं ते दोघींनाही कळलं नाही.

सुगंधाने ते रबर घेतलं, उलटं करून पाणी झटकल्यासारखं केलं आणि परत तिच्या तोंडात कोंबलं.

“धर गे. एका तोंडान दोघी नाय पोचूच्यो. पाणी गिळशीत, मग माका नावां ठेवशीत.”

मग तिने गाठोडं सोडलं, आतली दोरी काढली आणि पाटा पिशवीला बांधायला घेतला. गाठी तिच्या नेहमीच पक्क्या. वरवंटा वेगळा बांधला, वाटेत आपटू नये म्हणून. शेवटी काट्याकडे बघून म्हणाली, “जा आता. आणि खोबरा जास्त घेव नको, तुझो हात सुटता.”

द्रौपदी पाट्याबरोबर वर आली.

धुरीने संच गोड्या पाण्याने धुतला, नळ्या पुसल्या आणि विचारलं, “झाला काम?”

“झाला.”

“श्वास पुरलो?”

“उरलो,” द्रौपदी म्हणाली.

महिन्याअखेर रेशनच्या दुकानात तिला एकटीचं धान्य मिळालं. ते घेऊन ती घरी आली.

पाटा जुन्या जागी मांडला होता. त्यावर तिने खोबरं, धणे, मिरच्या, तिरफळं घेतली आणि वाटलं, खोबरं हात आखडून. वाटण लोण्यासारखं आलं. पहिलं वाटण टाकायचं असतं. तिने ते टाकलं नाही. तिखलं केलं, एक ताट वाढलं आणि जेवायला बसली. पहिल्याच घासाला दाताखाली कच आली.

तिने ती थुंकली नाही. सगळं तिखलं संपवलं.