बेनामी चिरुटाचे पारखेची हकीकत

कुळस्वामिनीचा अंगारा कपाळीं, खरें तें जिभेवरी. शके सत्राशें एकवीस, सिद्धार्थीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशीं भर दरबारीं जें घडलें तें येणेंप्रमाणें.

राज्यीं महाराज सुखरूप, प्रजा सुखरूप, आणि तमाखूखाना आवडाबाईंचे हातीं. बाई करारी, वय साठीचे पुढें, अक्षर म्हणाल तर निशाणीपुरतें, परंतु नाक ऐसें कीं पान हुंगोन कोणे गांवचें, कोणे नदीचे कांठचें, आणि शेतकरी आळशी कीं उद्योगी, हेंही सांगत. तीस वर्षें हा मान त्यांचे घरीं. आणि जीभ नाकाहून तिखट, सबब मोठे मोठे सरदार तमाखूखान्यावरोन जातां पागोटें सांवरोन जात. तों दसऱ्याचे सुमारास बाईंस ज्वर आला, आठ दिवस राहिला, आणि जातां नाक घेऊन गेला. मोगरा गेला आणि हिंगही गेला. ही गोष्ट एक थोरली सून पुतळाबाई जाणे. मग सासूसुनांनीं युक्ति केली, कीं पुतळाबाईंनीं मागें बसोन आधीं हुंगावें, आणि माल चांगला तर बांगडी एकदां वाजवावी, वाईट तर दोनदां. ऐसे दोन महिने रेटले. झांकली मूठ सव्वा लाखाची, परंतु बाईंचे जिवास घोर, कीं तीस वर्षांचा मान एके बांगडीवरी टांगला आहे.

ऐशांत एक सौदागर राज्यांतून गेला, तो जातां चिरुटांची पेटी नजर करोन गेला. महाराजांनीं एक ओढिला आणि मर्जी ऐसी खूष जाहली कीं मग दुसरा, आणि मग तिसरा, आणि पेटींत दोनच उरले तेव्हां पुसों लागले, "हा माल कोठील? आणीक आणवा." तों पेटीवरील चिठी कसरीनें खादलेली, नांव ना गांव, आणि सौदागर घाट उतरोन पार जाहला. मग आज्ञा जाहली कीं भर दरबारीं पारख व्हावी. तेथें गिरमाजीपंत म्हणोन एक कारकून, तमाखूखान्यावरी बहुत दिवस डोळा ठेवोन होता. त्याणें हात जोडोन अर्ज केला, "पारखी एक, तर मागें दुसरें माणूस कशास? पुतळाबाईंनीं बाहेर बसावें." महाराज बोलिले, "वाजवी." पुतळाबाई बांगड्या सांवरोन बाहेर गेल्या.

प्रथम पंतांनीं एक चिरूट पेटविला, दोन झुरके घेतले, डोळे मिटले, आणि बोलते जाहले, "अहाहा! आरंभीं ओलें चंदन, मग जायफळ, मध्यें किंचित् मध, आणि शेवटीं नव्या खोगिराचें चामडें. हा माल समुद्रापारचे बेटावरील, यांत संशय नाहीं."

बाई म्हणाल्या, "पंत, चिरूट ओढिला कीं घोडा चाटिला?"

दरबार हांसला, महाराजही हांसले, आणि पंत चरफडोन म्हणाले, "मग आपण सांगावें, बाईसाहेब. नाक आपलें प्रसिद्ध आहे."

मग दुसरा चिरूट तबकांतून बाईंपुढें आला. नाकाशीं धरिला, तों जैसें कोरडें काष्ठ. पेटवोन झुरका घेतला, तों ऊन वारा मात्र तोंडांत आला. बाईंनीं मनांत आणिलें कीं आतां पंतांचे हो स हो करावें, समुद्रापार पाहावयास कोण जातो, आणि मानही राहील. ऐसें म्हणोन तोंड उघडणार, तों बोटें आपलें काम करीत होतीं, त्यांस कांहीं ज्वर आला नव्हता. बोटांस चिरुटाचे तोंडाकडील घडी लागली, तिहेरी, नखानें दाबलेली. ही घडी बाईंचे घरची, सासूनें सुनेस द्यावी, बाहेर जाऊं नये, ऐसी चाल. आणि मग पानाचा पीळ चांचपिला, तों उलटा, डावीकडे गेलेला. घडी घरची आणि पीळ डावा, ऐसा हात पृथ्वीवरी एक. धाकटी सून मैनाबाई.

मैनाबाई डावरी. सात वर्षांमागें बाईंनीं तिचे डावे हातावरी पळी मारिली होती, आणि चार बायकांत बोलिल्या होत्या, "माझे घरीं लक्ष्मी उजवे हातें येते. डाव्यानें वळलेली तमाखू गाढव देखील हुंगणार नाहीं!" तेव्हां धाकटा लेक बायकोस घेऊन निघाला तो सरहद्दीचे गांवीं जाऊन राहिला, आणि बाईंनीं पुन्हां त्याचें नांव घेतलें नाहीं, आणि दर दिवाळीस दोन पानें मात्र उगींच अधिक वाढीत.

महाराजांनीं पुसिलें, "बाई, माल कोठील?"

बाई उठोन उभ्या राहिल्या. "महाराज, आधीं माझी चोरी ऐकावी. माझें नाक दसऱ्यापासून मेलें आहे. दोन महिने सुनेचे बांगडीवरी काम चालविलें."

"ऐका, ऐका!" पंत ओरडले.

"थांबा पंत, मढें अजून उचललें नाहीं. आणि समुद्रापार जाऊं नका, धोतर भिजेल. हा चिरूट आपले सरहद्दीचा, माझे धाकटे सुनेनें डावे हातें वळलेला. तो हात मींच घराबाहेर घातला. तीस वर्षें पानें ओळखिलीं, महाराज, माणूस ओळखिलें नाहीं."

महाराज हळूच बोलिले, "हो म्हटलें असतें तर मान राहता होता, बाई."

"राहता होता. परंतु तिचे हाताचें यश बेटावरल्या कोणा टोपीकर फिरंग्यास जातें. एकदां त्या हातास मारिलें. पुन्हां माझ्यानें मारवत नाहीं."

मग स्वार गेले, आणि नववे दिवशीं मैनाबाई दरबारीं आली, नवे चिरुटांचें तबक घेऊन. बाईंस पाहतांच तिणें डावा हात पदराखालीं घेतला, आणि एक चिरूट उचलोन उजवा हात पुढें केला.

"हा कोणाचा हात?" बाई म्हणाल्या. "ज्यानें वळिलास त्यानें दे."

"आत्याबाई, तो डावा आहे."

"दिसतें मला. नाक गेलें आहे, डोळे नाहींत."

मग मैनाबाईनें डावे हातें दिला, आणि आवडाबाईंनीं दोन्ही हातीं घेऊन, जैसा देवीचा प्रसाद, तैसा कपाळास लाविला. आणि महाराजांनीं तमाखूखाना मैनाबाईचे हवालीं केला, आणि बाईंनीं मागणें मागितलें तें इतकेंच, कीं मागें बसण्याची परवानगी असावी, तें मान्य जाहलें. आणि गिरमाजीपंतांस खोगीरखान्यावरी नेमिलें, कारण चामड्याचा वास त्यांस उत्तम कळतो.

तात्पर्य, नाक गेलें, मान गेला, आणि सून आली. हा सौदा आतबट्ट्याचा म्हणेल त्याणें दिवाळीचीं दोन पानें सात वर्षें उगींच वाढोन पाहावीं. इति.