नानायचे मासे आणि चार नंबरचं मशीन

"आर्नेलला बोलावू या," असं माझी बायको जोसलिन म्हणाली आणि मी म्हणालो, "कशाला? मी आहे की!" पुढचा सगळा घोळ या चार शब्दांतून निघाला.

गोष्ट एवढीच होती की आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला होता आणि जुन्यातलं सामान नव्यात न्यायचं होतं. फोटो, पोरीचे शाळेचे निबंध, जोसलिनच्या केकच्या पाककृती आणि खेळ. आर्नेल हा गावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पण पवित्र सप्ताह तोंडावर आलेला, आणि आर्नेल दरवर्षी येशूच्या नाटकात पिलाताचं, म्हणजे येशूला क्रुसावर धाडणाऱ्या सुभेदाराचं, काम करतो. "जबाबदारी आली की हात धुणारा माणूस तो, त्याच्या हाती आपल्या फाइली द्यायच्या?" मी विचारलं. (हा विनोद मी आधी ऑफिसात करून पाहिला होता. तिथेही कोणी हसलं नव्हतं.)

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदणीला बसतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा त्या मजल्यावर मी एकटाच, त्यामुळे मला तिथे 'इंजिनिअर' म्हणतात. हे मी बायकोला बऱ्याचदा सांगितलं आहे. ती दर वेळी "हो का, लांगा?" असं म्हणते आणि कणीक मळत राहते.

लांगा म्हणजे लाडका. आम्ही इलोइलो प्रांतातली माणसं मुळात गोड बोलणारी, आणि रागावलो की आणखी गोड होतो. परगावच्या माणसाने आमचं भांडण ऐकलं तर त्याला वाटेल, लग्नाची बोलणी चालली आहेत. बायकोचा राग मला बारा वर्षांत थोडाफार ओळखता यायला लागला. पण सासूबाईंचा, म्हणजे आमच्या नानायचा, आवाज इतका मऊ आहे की त्या माझ्यावर रागावलेल्या असतात की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. दोन्ही वेळा त्या "टोटो" म्हणूनच हाक मारतात, लहान पोराला मारावी तशी.

तर जुन्या कॉम्प्युटरमध्ये नानायचं मत्स्यालय होतं. खेळच तो. पडद्यावर निळं पाणी, पाण्यात मासे. रोज एकेका माशावर माऊस नेऊन दाणा टाकायचा. एक दिवस उपाशी राहिला तर मासा फिका पडतो, तीन दिवस राहिला तर पोट वर करून तरंगतो. माझा मोठा मेव्हणा रोदेल जहाजावर नोकरीला लागला तेव्हा आईला एकटं वाटू नये म्हणून हे बसवून गेला. त्याला सात वर्षं झाली. नानायने घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक मासा पाळला. रोदेलचा मोठा निळा, सेबूला दिलेल्या लेकीचा पिवळा, नातवंडांचे चिमुकले ठिपक्यांचे. सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्या की त्या खुर्ची ओढून बसायच्या आणि प्रत्येक दाण्याबरोबर त्या त्या नावाने एक 'नमो मरिये' म्हणायच्या. रोदेल कुठल्याही समुद्रात असो, त्याचा मासा खाऊनपिऊन हिंडतोय तोवर पोरगा सुखरूप आहे, अशी त्यांची समजूत. मागे वादळाने तीन दिवस वीज गेली तेव्हा शेजाऱ्याच्या जनरेटरवर त्यांनी आधी मासे जेवायला घातले आणि मग फ्रीज लावू दिला.

"टोटो, जपून ने हं," शनिवारी त्या मला म्हणाल्या. "रोदेलचा मासा जरा घाबरट आहे."

"नानाय, तुम्ही निवांत बसा," मी म्हणालो.

फोटो न्यायला पाऊण तास लागला. मासे मात्र पापणी लवते न लवते तोच पेन ड्राइव्हवर आले. सात वर्षांचं मत्स्यालय एका क्षणात आलं म्हटल्यावर शहाण्या माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला. संध्याकाळी जोसलिनने जुना कॉम्प्युटर नेनिताला देऊन टाकला. नेनिता आमच्या पोरीची धर्ममाता, आणि बाजाराच्या तोंडाशी तिचं पिसोनेट आहे: खोक्यात एक पिसो टाकला की पाच मिनिटं कॉम्प्युटर चालतो, वेळ संपली की पडदा काळा. तिचं चार नंबरचं मशीन जळालं होतं, तिथे आमचं गेलं.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. मिरवणूक आटोपून आलो आणि नव्या कॉम्प्युटरवर माशाच्या चित्रावर टिचकी मारली. पाटी आली: हे जिथे नेतं ती जागा सापडत नाही. पुन्हा मारली. पुन्हा तीच पाटी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घर हलवायचं सोडून मी फक्त दारावरची पाटी उचलून आणली होती. घर नेनिताकडे होतं, आत सगळे मासे, आणि खाऊ घालायला कोणी नाही.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण शनिवारी मी जेवताना 'आर्नेलचे पैसे वाचवले' यावर बराच वेळ बोललो होतो, आणि आपले शब्द गिळायचे म्हणजे पोट मोठं लागतं. जोसलिनने कधीतरी रोदेलला पाठवण्यासाठी मत्स्यालयाचा फोटो काढला होता. तो मी पडदाभर लावून ठेवला.

सोमवारी सकाळी नानाय खुर्ची ओढून बसल्या. मी दाराआड उभा.

"टोटो, मासे हलत नाहीत रे."

"पवित्र सप्ताह आहे ना, नानाय."

"मासे पाळतात?"

"नव्या कॉम्प्युटरमध्ये सगळं तारखेप्रमाणे असतं. शांत राहतात."

"आणि दाणा?"

"उपास," मी म्हणालो.

नानायने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई गं, माझ्यापेक्षा धार्मिक निघाले," असं लोण्यासारख्या आवाजात म्हणाल्या आणि छत्री घेऊन बाहेर पडल्या. मी घाम पुसला. (सासूला फसवणं इतकं सोपं असतं हे मला आधी ठाऊक असतं तर बारा वर्षं वेगळी गेली असती, असंही मनात आलं.)

ऑफिसातून नेनिताला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, 'मशीन मस्त चाललंय. बुधवारी संध्याकाळी आर्नेल येऊन सगळं पुसून नवे खेळ टाकणार आहे.'

सगळं पुसून! सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी माझी पासियोन गायची पाळी होती. नानाय शेजारच्याच बाकावर, कुठे सटकणार? ख्रिस्ताच्या यातना गाताना माझ्या डोळ्यांसमोर रोदेलचा निळा मासा फिका पडत होता. मंगळवारी माझा आवाज असा भरून आला की म्हाताऱ्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. गंमत बाजूला ठेवतो, मला खरंच लाज वाटत होती. समुद्रावरच्या मुलासाठी एक बाई सात वर्षं रोज न चुकता काहीतरी करते, आणि जावई ते फुशारकीपायी घालवून बसतो.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नेनिताकडे धावलो. चार नंबरवर दोदोय बसला होता. हा आमच्या स्टँडवरचा ट्रायसिकलवाला, अंगाने दोन माणसांचा. पडद्यावर तो बंदूक घेऊन पळत होता.

"दोदोय, ऊठ. माझ्या सासूबाईंचे मासे आहेत आत."

"बारा मिनिटं आहेत माझी. शहर वाचवतोय."

"तुला थंड पाजतो."

"दोन बाटल्या," दोदोय म्हणाला आणि शहर वाऱ्यावर सोडून उठला.

पेन ड्राइव्ह लावायची खाच मशीनच्या मागे, मशीन टेबलाखाली, कुलूप लावलेल्या पेटीत. नेनिताने कुलूप काढून दिलं. मी गुडघे टेकून आत शिरलो. बाहेर राहिलेला भाग बाजाराच्या दिशेला होता, हे मला नंतर सांगण्यात आलं.

तीन नंबरवर फ्लोरी, मासळीवाली, ओठ रंगवून दोहाच्या नवऱ्याशी बोलत बसली होती. पडद्यावरच्या नवऱ्याला माझं धूड दिसलं असावं.

"कोण आहे गं ते टेबलाखाली?" तिकडून आवाज आला.

"नगरपालिकेतला सेल्मो. सासूचे मासे चोरतोय."

"चोरत नाही, नेतोय!" मी आतून ओरडलो.

"त्याला सांग, नुसतं चित्र नेऊ नको, अख्खा फोल्डर ने. अडाणी लोक चित्रच नेतात."

"तो इथे एसी दुरुस्त करतो," फ्लोरी मला अभिमानाने म्हणाली.

मी अडाण्याचं डोकं बाहेर काढून फोल्डर शोधला. नकलायला लावलं. मशीन म्हणालं, अकरा मिनिटं. मग म्हणालं, चाळीस. आणि तेवढ्यात दोदोयची वेळ संपून पडदा काळा झाला.

"पिसो! कुणाकडे पिसो आहे?" माझ्या खिशात फक्त शंभराची नोट. फ्लोरीने एक टाकला. दोदोयने एक टाकला. कुठूनतरी आणखी चार आले. पडदा उजळला, नकलणं चालूच होतं. ते होईतो मासे किती उरलेत ते तरी पाहावं म्हणून भीत भीत मी मत्स्यालय उघडलं.

मासे गुबगुबीत होते. रोदेलचा निळा मासा तर फुगून वांग्याएवढा झालेला, आणि असा ऐटीत हिंडत होता, जणू जहाज त्याच्याच मालकीचं आहे.

"हे जिवंत कसे?" मी विचारलं.

नेनिता आपली नखं पाहू लागली. दोदोयला छतात काहीतरी सापडलं. फ्लोरीचा नवरा म्हणाला, "आता मजा येणार," आणि दारातून अत्यंत गोड आवाज आला.

"टोटो, काय हरवलं रे?"

नानाय होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रुमाल, रुमालाच्या गाठीत पिसो. दोदोयने खुर्ची पुसून पुढे केली. नेनिताने पायाखाली पाट सरकवला. तीन दिवसांच्या गिऱ्हाइकाला असं वागवत नाहीत, मानकऱ्याला वागवतात.

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणालो.

"सोमवारीच. फोटोत रोदेलचा मासा केवढासा आहे. मागच्या वर्षीचा फोटो तो."

"मग बोलला का नाहीत, नानाय?"

"तू मासे उपासाला बसलेत म्हणालास ना? मी म्हटलं, पोरगा काहीतरी प्रायश्चित्त घेतोय, मध्ये कशाला पडा." त्या बसल्या. "शिवाय इथे बरं वाटतं रे. घरी मी एकटीच नमो मरिये म्हणते. इथे दोदोयपण म्हणतो."

दोदोयने मान खाली घातली. मी त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला आणि "चुकलो, नानाय," म्हणालो, आणि या वेळी मनापासून म्हणालो.

"असू दे रे, टोटो," त्या म्हणाल्या आणि दाणे टाकायला लागल्या. रोदेल, नमो मरिये. सेबूची लेक, नमो मरिये. जोसलिन. मग बाकीची तीन मुलं, मग नातवंडं. नऊ झाले. मी मान लांब करून पाहत होतो.

"नानाय, माझा कुठला?"

त्यांचा हात थांबला. फ्लोरीने नवऱ्याचा आवाज बंद केला.

"तुझा काल गेला, टोटो."

"गेला?"

"एका पिसोत पाच मिनिटं. आधी पोरं, मग नातवंडं, आणि मग जावई. सोमवारी तुझ्यापर्यंत आले आणि पडदा काळा झाला. मंगळवारी पण तसंच."

"दुसरा पिसो टाकायचा!"

"दुसरा दानपेटीचा होता," नानाय म्हणाल्या. "पण मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली हो. दोदोयने टोपी काढली होती."

मी रोज मृत्यूच्या नोंदी लिहितो, पण स्वतःची खबर इतक्या प्रेमाने कुणी दिली नव्हती.

मासे सुखरूप घरी आले. ईस्टरच्या दिवशी फादरनी नव्या कॉम्प्युटरवर पवित्र पाणी शिंपडलं (जोसलिनने आधीच त्याच्यावर पोरीचा रेनकोट घातला होता), रोदेलचा जहाजावरून फोन आला, सगळे खूश होते. नानायकडे खेळातले मोती बरेच साठले होते. मी सहज सुचवलं की तेवढ्यात एक पट्ट्यापट्ट्यांचा, जरा रुबाबदार मासा येईल.

"बघितलं रे मी," नानाय म्हणाल्या. "पण पुन्हा मेलास तर माझ्या जिवाला लागेल. म्हणून गोगलगाय घेतली. तिला दाणा लागत नाही, काचेवरचं शेवाळ खाऊन राहते."

आता तळाच्या कोपऱ्यात एक तपकिरी गोगलगाय आहे आणि तिच्यावर माऊस नेला की 'सेल्मो' असं नाव येतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, हुबेहूब. बायकोला मात्र ते पटत नाही. ती म्हणते, गोगलगाय निदान जिथून जाते तिथली काच स्वच्छ करून जाते.