मधली जागा

काठ

'विषय : दोन दिवसांची किरकोळ रजा मिळणेबाबत.' इथपर्यंत राजकन्याचं अक्षर सुरेख होतं. पुढे 'कारण' या शब्दापाशी तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

गोधडी शिवणे आहे. (खोडलं.)

आईची गोधडी तीन वर्षांपासून अर्धवट असल्याने. (खोडलं.)

घरगुती. (हे हेडक्लार्क अमृतराव स्वतःच खोडत, म्हणून तिनं त्यांचा त्रास वाचवला.)

नांदेडच्या त्या सरकारी कार्यालयात राजकन्या अकरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होती. तीन वर्षांपूर्वी देगलूरला तिच्या मायनं, नागाबाईनं, पेटीतली आठ जुनी लुगडी तिच्यापुढे टाकली होती. "मला लई थंडी वाजती. ह्याची गोधडी कर. पर तुझ्या हातची, बरं का." त्या घरात गोधडी काठापासून सुरू करून फेऱ्या-फेऱ्यांनी आत शिवत नेत. तीन वर्षांत राजकन्याचे अडीच फेरे झाले होते. सुईत दोरा ओवला की कुणीतरी हाक मारायचं. कधी ऑडिट, कधी निवडणुकीची ड्यूटी, मधेच मुलीची दहावी आणि सासऱ्यांचा मोतीबिंदू. दिवाळीपासून नागाबाई खोकत होती. डॉक्टर म्हणाला होता, "हा हिवाळा काढतील. पुढचं बघू." आता जानेवारी अर्धा सरला होता.

शेजारच्या टेबलावरून दीपालीनं अर्जात डोकावून पाहिलं.

"आई आजारी लिही."

"आजारीला अर्धा दिवस देतात."

"मग सिरीयस लिही."

"अगं, ती बसून दोन भाकरी खाती!"

"खाऊ दे की. कागदावर सिरीयस, घरी भाकरी. कोण बघायला येऊन राहिलंय तिथं?"

राजकन्यानं लिहिलं. अमृतरावांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच ती खोटं बोलली होती आणि तेही जावक क्रमांकासह.

फेरा

शुक्रवारी सकाळी देगलूरच्या बसमध्ये बसल्याबरोबर तिनं फोन बंद केला. आज तिला कुणी हाक मारायची नव्हती. इकडे तिचं खोटं पक्कं व्हावं म्हणून दीपालीनं कार्यालयाच्या ग्रुपवर मदतीचा हात दिला.

दीपाली : राजकन्या मॅडमच्या आई सिरीयस आहेत. सर्वांनी प्रार्थना करावी.

शरणप्पा (स्टोअर) : 🙏

टेंडर शाखा : 🙏🙏

अमृतराव : भावपूर्ण श्रद्धांजली.

अमृतराव सकाळी चष्मा लावत नसत. त्यांना फक्त जोडलेले हात दिसले होते. पण हेडक्लार्कनं श्रद्धांजली वाहिल्यावर खालच्या माणसानं प्रार्थना करत राहणं शिस्तीत बसत नव्हतं. पाठोपाठ अकरा श्रद्धांजल्या पडल्या. दीपालीनं 'अहो' एवढं लिहिलं आणि पुसलं. अकरा वाजता दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली गेली आणि रजेच्या रजिस्टरमध्ये लाल शाईनं नोंद झाली : मातेचे निधन.

राजकन्याचा नवरा बालाजी शाळेत मास्तर होता. सव्वाअकराच्या छोट्या सुट्टीत शरणप्पाचा फोन आला, "सर, वाईट झालं." बालाजीनं बायकोला फोन लावला. बंद. मग मेव्हण्याला लावला. दयानंद मिरच्या विकायला धर्माबादला गेला होता.

"दयानंदराव, आई गेल्या म्हणतात."

"कव्हा?"

"सकाळी."

"दाजी, सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून मला शिव्या देत होती की ती!"

"त्याच्यानंतर गेल्या असतील."

ह्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. घरात फोन दोन. एक दयानंदच्या खिशात, दुसरा बायकोबरोबर तिच्या माहेरी. दयानंद मिरचीच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडला. नाक पुसून त्यानं भावकीच्या ग्रुपवर टाकलं : माझी माय गेली. अंत्यविधी आज चार वाजता.

अजून एक फेरा

राजकन्याचे चाळीस टाके झाले होते. दारात जीप थांबली. नागाबाईची भोकरची चुलत जाऊ भामाबाई पदर तोंडाला लावून हंबरडा फोडतच उतरली. तिच्या मागे सात बायका, प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

नागाबाई ओट्यावर मेथी निवडत होती. "काय गं भामे, कोण मेलं?"

भामाबाईचा सूर मध्येच तुटला. "तुम्हीच की, अक्का."

"मी? आणि मला कुणी सांगितलं न्हाई ते?"

दुसरी जीप आली. मग टेम्पो. दुपारी दोनपर्यंत अंगणात चाळीसेक बायका आणि बाहेर तेवढेच पुरुष जमले, सगळे जरा ओशाळलेले. खरी अडचण गाठोड्यांची होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पाहुणे भाकरी-पिठलं घेऊन येतात. ती कडू भाकर. ती एकदा घरातून निघाली की परत न्यायची नसते, नाहीतर मरण आपल्या दारी येतं. आणि इथं तर मेलेलं माणूसच भाकरी मोजत बसलं होतं.

"हितंच खाऊन जावं लागल," भामाबाई पुटपुटली.

"मग बसा," नागाबाई म्हणाली. तिनं पहिलं गाठोडं स्वतःच सोडलं, घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पिठलं खारट झालंय. मेलेल्याला काय कळतंय म्हणून काय बी आणावं का?"

जेवणं झाली. लगेच उठून जाणं बरं दिसत नव्हतं, बसून रडणंही शक्य नव्हतं. रिकाम्या हातांच्या चाळीस बायका नागाबाईच्या डोळ्यांना खुपू लागल्या. तिनं सुयांचा डबा मागवला.

राजकन्या म्हणाली, "माय, ही मी शिवून राहिले. माझ्या हातची पाहिजे म्हणली होतीस."

"तू च्या टाक आधी. लोकं मयताला आल्यात."

राजकन्यानं चहा टाकला. शेजारची नागम्मा दुधाचा तांब्या घेऊन आली. "अय्यो बाई, सकाळी मी हिच्याशी भांडले, आता हिच्या मयताला दूध देऊन राहिले." राजकन्या चुलीपाशी होती आणि अंगणात चारी बाजूंनी बायका गोधडीवर वाकल्या होत्या. तीन वर्षांत अडीच फेरे झालेली गोधडी दीड तासात बारा फेरे आत सरकली. टाके सरळ होते, तिच्यापेक्षा सरळ. ते बघून तिला रडू आलं. भामाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. रडायची तयारी करून आलेल्या बाईला तेवढं तरी काम मिळालं.

चार वाजता दयानंदचा टेम्पो आला. वर बांबू, मडकं, गोवऱ्या. ओट्यावर आई बघून त्यानं आधी तिच्या पायावर लोळण घेतली. मग तिनं त्याला थोबाडीत मारली.

"गोवऱ्या उतरव. चुलीला होतील."

फेरे आत आत येत गेले. मधोमध तळहाताएवढी जागा उरली तेव्हा नागाबाईनं तिथं आपला हात ठेवला. "बास. हे माझ्या लेकीचं." जिच्या लुगड्यांची गोधडी, तिच्या लेकीनं मधली जागा बुजवायची. ती बुजेपर्यंत गोधडी अंगावर घ्यायची नाही. नागाबाईच्या मायच्या वेळेपासून तसंच होतं.

राजकन्यानं हात पुसले, सुई घेतली आणि फोन सुरू केला. ही तिची चूक. ग्रुपवर होतं, उद्या सकाळी कार्यालयाची जीप सांत्वनाला निघणार होती, हार घेऊन. फोनवर कुणाला पटेना, म्हणून ते थांबवायला तिला साडेपाचच्या बसनं परत जावं लागलं.

"येत्या रविवारी येते, माय. अर्ध्या तासाचं काम आहे."

"ये," नागाबाई म्हणाली, आणि गोधडीची घडी उशाला ठेवली.

मधली जागा

रजिस्टरमधली नोंद बदलायला वरिष्ठांचा आदेश लागतो, असं अमृतराव म्हणाले. वरिष्ठ बदलून गेले होते.

पहिल्या रविवारी पल्स पोलिओ होता. दुसऱ्या रविवारी नणंदेला बघायला पाहुणे. मार्चला मार्चएण्ड. नागाबाईनं हिवाळा काढला, जुन्या घोंगडीत. फोनवर ती एवढंच विचारायची, "जमतंय का?"

मे महिन्याच्या एका मंगळवारी, त्रेचाळीस डिग्री उन्हात, दयानंदचा फोन आला.

"माय गेली."

"दादा..."

"न्हाई. ह्या वेळेस मी सोता बघितलंय."

राजकन्यानं अर्ज लिहिला. अमृतरावांनी चष्मा लावून वाचला. मग रजिस्टर काढलं, लाल शाईवर बोट ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, "मॅडम, हे कारण जानेवारीत झालंय. त्याच त्या आई पुन्हा... वर काय सांगू? दुसरं काही लिहा ना."

तिनं ओळ खोडली. खाली लिहिलं : गोधडीची मधली जागा राहिली आहे.

अमृतरावांनी दोनदा वाचलं. सही केली.

देगलूरला अंगण रिकामं होतं. नागम्मा तेवढी उंबऱ्यात बसली होती. भावकीच्या ग्रुपवर दयानंदनं सकाळीच टाकलं होतं. त्याखाली सव्वीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते. एकानं विचारलं होतं, या वेळेस पिठल्यात मीठ किती टाकायचं.

राजकन्या मायपाशी बसली. उशाची घडी काढून मांडीवर उलगडली. सुईत दोरा ओवला. पहिला टाका वाकडा पडला, तो तिनं तसाच ठेवला. कुणी चहा मागितला नाही. कुणी हाक मारली नाही. बाहेर ऊन नुसतं उभं होतं. तीन वर्षांत सलग एवढा वेळ तिला पहिल्यांदाच मिळत होता.

दयानंद फोन घेऊन आत आला. त्याचे डोळे सुजले होते.

"भामाकाकू विचारून राहिल्यात, नक्की का म्हणून. भाकरी टाकू का म्हणतात. काय सांगू?"

राजकन्यानं मान वर केली नाही. तळहाताएवढ्या जागेतली तीन बोटं बुजली होती.

"थोड्या वेळानं सांग, दादा," ती म्हणाली. "अजून दोन बोटं राहिली."