लाफाएलेचा साहेबी घास

"आज तुझे बाबा स्वतःच मला जावई म्हणून हाक मारतील, बघच तू!" चर्चमधून बाहेर पडताना लाफाएलेने मसीनाला छातीठोकपणे सांगितले.

"आधी सरळ चालून दाखव," मसीना म्हणाली. "बूट चावताहेत ना?"

बूट चावतच होते. पण साहेब माणूस चारचौघांत लंगडत नाही! सात महिने न्यूझीलंडच्या बागांत सफरचंदे तोडून लाफाएले गेल्याच आठवड्यात सामोआला परतला होता. इतर तरुण तिकडून ब्लँकेटे आणतात, गाणी वाजवायची यंत्रे आणतात. याने रीतभात आणली होती. ती त्याने बागेच्या मालकिणीकडे एकाच दुपारच्या चहाला पाहिली होती, पण हुशार माणसाला एक चहा पुरतो. करंगळी वर ठेवायची, घास चिमणीएवढा घ्यायचा आणि "पुरे! फारच भरपेट झालं" म्हणत ताट सारायचे. गावातले सारे पुरुष रविवारच्या पांढऱ्या लुंगीत होते. त्यांच्यात याची घट्ट काळी विजार आणि लाल टाय पाहून वाटेवरच्या म्हाताऱ्या खिदळल्या, "आला गं आला, गोरा साहेब!" लाफाएलेने ती स्तुती समजून मान लववली.

मसीनाचे वडील तुइलोमा गावातले मानकरी. त्यांच्या चहूबाजूंनी उघड्या घरात रविवारच्या जेवणाला चटईवर सगळे मांडी घालून बसले. विजारीमुळे लाफाएले मात्र वाळूत रुतलेल्या होडीसारखा एका अंगावर कलंडून बसला. पुढ्यात ताट आले: तापलेल्या दगडांवर भाजलेले अळूचे कंद, नीरफणस, अख्खा मासा, अळूच्या पानात शिजवलेले नारळाचे दाट दूध. मसीना पंख्याने माश्या वारू लागली. लाफाएलेने करंगळी वर केली, कंदाचा कण जिभेवर ठेवला आणि ताट सारले.

"पुरे! फारच भरपेट झालं."

बागेच्या मालकिणीने त्या चहाला असे म्हटल्यावर दोनदा आग्रह केला होता. इथे तशी पद्धत नव्हती. पाहुण्याने ताट सारले की उरलेले वाढणाऱ्यांचे, हे लाफाएलेला जन्मापासून ठाऊक होते. एका चहात तो ते विसरला होता! मसीनाच्या दोघा भावांनी ताट तत्परतेने उचलले. मासा जाता जाता त्याच्याकडे खिन्नपणे पाहत गेला.

मसीनाच्या आईचा, सेफिनाचा चेहरा पडला. "भट्टी कच्ची राहिली का रे माझी?"

"छे छे, मावशी! आम्ही तिकडे कमीच खातो."

"कमी?" तुइलोमांच्या भुवया चढल्या. "माझ्या पोरीलाही असंच उपाशी ठेवणार की काय?"

"अहो, पोराचं पोट बिघडलंय," सेफिना कळवळली. "लेइतू आत्याला हाक मारा. तेल लावून चांगलं चोळेल!"

लेइतू आत्याच्या चोळण्याने गावातल्या पैलवानांनाही देव आठवत असे. लाफाएले ताडकन सरळ झाला. "मी ठणठणीत आहे! हे बघा, मांडी घालतो!"

टर्रर्र!

विजार पुढून मागेपर्यंत उसवली. मसीनाने चपळाईने एक चटई त्याच्या मांडीवर फेकली. आणि नेमके त्याच क्षणी लाफाएलेचे पोट चढावर अडकलेल्या ट्रकसारखे गुरगुरले.

"आता तरी खरं बोल," मसीना पुटपुटली.

त्याने तुइलोमांकडे पाहिले, ताटाच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "मावशी, मला फार भूक लागलीय. पहाटे तुमच्या भट्टीचा धूर आमच्या घरापर्यंत आला ना, तेव्हापासून."

तुइलोमा इतके हसले की छपरावरची कोंबडी उडाली. "अगं, हा तर आपलाच पोरगा निघाला! मघाचा तो कोण होता?" त्यांनी आपली एक धुतलेली लुंगी त्याच्याकडे फेकली. लाफाएलेने ती गुंडाळली, टाय खांबाला अडकवला आणि दोघा भावांच्या ताटात घुसून माशाचे डोकेसुद्धा सोडले नाही.

"पुढच्या रविवारी आईवडिलांना घेऊन ये," निघताना तुइलोमा म्हणाले. "मघाच्या त्या पाहुण्याला मात्र घरीच ठेव."

पुढच्या रविवारी लाफाएले पांढऱ्या लुंगीत, अनवाणी, आईवडिलांसह नम्रपणे हजर झाला. पाहतो तर लाल टाय तुइलोमांच्या गळ्यात! विजार त्यांना झाली नसती. टाय मात्र कोणालाही होतो. पाहुण्यांवर नजर ठेवून त्यांनी कोकोचा पेला उचलला, जाडजूड करंगळी हळूच वर केली, कंदाचा एक कण चाखला आणि ऐटीत म्हणाले, "पुरे! फारच भरपेट झालं."

सेफिनाने लगेच त्यांचे ताट उचलले आणि जावयापुढे ठेवले.