मुंजाजीरावांची पोटमोजणी

तुळशीच्या रोपासाठी वीतभर खड्डा खणण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून, हाती फीत देऊन, "कुणाची हरकत?" असे विचारणारे गृहस्थ सबंध गारखेड्यात एकच असावेत. ते म्हणजे माझे शेजारी मुंजाजीराव. त्यांची सारी हयात सरकारी भूमापनात गेली. निवृत्तीनंतर जमीन सुटली, मोजणी मात्र सुटली नाही. माझ्या घरच्या सत्यनारायणाचा चौरंग त्यांनी मोजून चार बोटे सरकविला आणि मला म्हणाले, "गुरुजी, देव अतिक्रमणात बसले व्हते." नारायणाने ते सोसले, मीही सोसले.

"आधी मोजणी, मग कुदळ!" हे त्यांचे ब्रीद.

अलीकडे त्यांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. मी त्यांच्यासोबत रुग्णालयात गेलो. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पित्ताशय काढावं लागेल. पण पित्ताच्या नळ्या प्रत्येकाच्या थोड्या वेगळ्या वळतात. चुकीची नळी कापली जाऊ नये, म्हणून आधी एमआरआय करून त्यांचा नकाशा पाहू."

मुंजाजीराव उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "बाई, जन्मात पहिल्यांदा पद्धतशीर माणूस भेटला! चतुःसीमा सांगा."

"वर यकृत, खाली आतडं..."

"त्यांना नोटिसा गेल्या?"

"त्यांची हरकत नाही, काका," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी मात्र यंत्राचा अरुंद बोगदा पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "मोजणी रद्द! लगतचा धारक, म्हंजे शेजारी, हजर नाय. बेकायदा हाय हे."

नकाशाविना शस्त्रक्रिया नव्हती आणि शस्त्रक्रियेविना कळा थांबणार नव्हत्या. यंत्रचालकाने वैतागून विचारले, "काका, तुमच्या लगत कोण हाय?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखविले.

मग माझीही झडती झाली. घड्याळ, चष्मा, अंगठी आणि शेवटी तारेची कवळी काढून मी आत गेलो व त्यांच्या पायाचा अंगठा धरून बसलो. यंत्र गर्जू लागले. दंतहीन मुखाने मी विष्णुसहस्रनाम आरंभिले. भगवंतांना ते कितपत कळले असेल, हे तेच जाणोत. इतक्यात ध्वनिक्षेपकावरून आज्ञा झाली, "श्वास रोखा." आयुष्यभराच्या प्राणायामाच्या सवयीने मीही कुंभक केला. पुन्हा आज्ञा, पुन्हा कुंभक. अखेर चालक ओरडला, "बाहेरच्या आजोबांनी श्वास घेतला तरी चालंल!"

बोगद्यातून दबके हसू आले. "हलू नका!" चालक पुन्हा ओरडला आणि ती चित्रे दुसऱ्यांदा घ्यावी लागली.

नकाशात एक नळी खरोखरच आडवळणाने जाताना दिसली. "बरं झालं, आधीच कळलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गुरुवारची सकाळ ठरविली. मला वाटले, मुंजाजीराव आता विजयी मुद्रेने भाषण करतील. पण परतताना रिक्षाने सूतगिरणी चौक ओलांडल्यावर ते हळूच म्हणाले, "गुरुजी, गुरुवारी याल ना?"

"येईन की."

"मग निघायच्या आधी माझ्याकडं चहाला या."

"अहो, तुम्हाला तर उपाशीपोटी जायचे आहे."

"व्हय. तुम्ही घ्या. मी नुसता समोर बसतो." ते बाहेर पाहू लागले. "ही गेल्यापासून सकाळी दुसरा कप काढलाच नाय."