शेपूट नसलेली म्हैस

सुभेदार निकमांच्या म्हशीला शेपूट नसतं.

गोठ्यातल्या चंद्रीला आहे. चांगलं लांब आहे, आणि धार काढणाऱ्याच्या तोंडावर ते कसं बसतं हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना अनुभवानं ठाऊक आहे. मी म्हणतोय ती कागदावरची म्हैस. गेलं दीड वर्ष सुभेदार दर आठवड्याला चंद्रीचं एक चित्र काढतात. शिंगं अशी वळवतात की आता ढुशी देईल म्हणून माणूस मागं सरकावा. कानातले केस काढतात, खुराला लागलेलं शेण काढतात. शेपटाच्या जागी मात्र कोरा कागद.

यावर आमच्या रहिमतपुरात बरीच मतं होती. कुणी म्हणे, चंद्रीनं एकदा त्यांना शेपटानं मारलं, तेव्हापासून त्यांनी मनात डूख धरला आहे. कुणी म्हणे, फौजेतला माणूस, सगळं उघड करत नाही. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या गणपत शिंप्याचं म्हणणं साधं होतं: "कापड कमी पडलं आसंल."

आता माझी ओळख करून देतो, कारण पुढं जो घोटाळा झाला तो माझ्या हातून झाला. मी एस्टीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि कर्ण्यातून पुकारायच्या, हे काम तीस वर्षांहून जास्त केलं. रिटायर झालो तशा गाड्या माझ्याशिवाय सुटू लागल्या. पण माझ्या डोक्यातल्या काही थांबेनात. पहाटे साडेपाचला सातारा गाडी डोक्यात लागायचीच. घरात पोह्यांना सात मिनिटं उशीर झाला की मी तसं जाहीर करायचो. उगीचच छाती धडधडायची. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि सकाळी फिरायला सांगितलं. मी फिरायला लागलो, तर कुठल्या खांबाजवळ किती वाजता पोचलो हे वहीत लिहायला लागलो. शेवटी आमच्या हिनं माझ्यापुढं हात टेकले. म्हणाली, "त्या सुभेदारांकडं जावा. तितं मानसं निवांत बसत्यात म्हनं."

माणसं निवांत बसत होती हे खरं. पण ती हुकमानं बसत होती.

दुपारी चारला सुभेदारांच्या ओसरीवर 'निवांत परेड' भरते. आत शिरल्याबरोबर घड्याळ आणि मोबाईल त्यांच्या काळ्या ट्रंकेत टाकायचे. ट्रंकेवर त्यांचा नंबर आणि नाव पांढऱ्या रंगात अजून ठळक आहे. कुलूप लागतं, किल्ली कडदोऱ्याला जाते. मग सुभेदार छाती काढून उभे राहतात आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "परेड, आराम से!" आणि आपण आराम करायचा. हातात कागद आणि पेन्सिल, समोर दावणीला चंद्री. चंद्री रेकली की धारेची वेळ झाली, परेड बरखास्त. तोपर्यंत कुणी किती वाजले विचारायचं नाही.

पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत अख्खी म्हैस काढून मोकळा झालो. सुभेदारांनी कागद हातात घेतला, सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि विचारलं की ही म्हैस आहे की सातारा डेपो. मग नवा कागद देऊन म्हणाले, "कंट्रोलर, आज फकस्त कान. डावा."

एवढा वेळ एकच कान? मी चुळबुळलो. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "बसा की. गाडी काय सुटत न्हाई."

हे वाक्य ते सगळ्यांना सांगतात. पण ज्याचा जन्म गाड्या सोडण्यात गेला त्याला ते ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. तरी बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की म्हशीचा कान कधीच स्थिर नसतो, आवाज येईल तिकडं तो वळतो. आठव्या दिवशी जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. हिनं घाबरून दोनदा माझ्या नाकाशी बोट धरून पाहिलं म्हणे.

परेडला मुख्य जवान दोनच, मी आणि गणपत. गणपत टेप घेऊन यायचा. म्हशीची छाती मोजल्याशिवाय त्याची पेन्सिल कागदाला लागत नसे, आणि चंद्रीला मापं देणं बिलकूल पसंत नव्हतं. सुभेदार आम्हा दोघांना मनसोक्त झापत, मग स्वतः चुलीवर चहा करून आणत. पितळेच्या मोठ्या पेल्यात, फौजेच्या लंगरात मिळावा तसा, साखरेनं गच्च.

चहा सुभेदारच का करतात, हे मी कधी विचारलं नाही. घरात मालनवहिनी होत्या. ओसरीतून आत जायचं दार अर्धं उघडं असायचं, आणि आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या वहिनींचा पदर तेवढा दिसायचा. त्या कधी बाहेर आल्या नाहीत, कधी बोलल्या नाहीत. मला वाटायचं, आष्ट्याच्या मोठ्या घरची लेक, आमच्यासारख्यांत कशाला येईल. माणूस किती सहज निकाल लावून मोकळा होतो पाहा.

दर शनिवारी सुभेदारांचं चित्र पूर्ण व्हायचं, म्हणजे शेपटापर्यंत यायचं. मग ते चित्र त्या अर्ध्या दाराशी पाटावर ठेवत, तोंड आतल्या बाजूला करून. शेजारी पेन्सिल, नव्यानं टोक काढलेली. आम्हाला म्हणत, "चला, बरखास्त." हेही मी कधी विचारलं नाही. चित्र मुरायला ठेवत असतील, लोणच्यासारखं.

घोटाळा झाला तो अशाच एका शनिवारी. चंद्री रेकली, सुभेदार चरवी घेऊन गोठ्यात गेले, गणपत टेप गुंडाळत होता. मी पाटाशी उभा राहिलो. काय सुरेख म्हैस उतरली होती! आणि मागं ती कोरी जागा. तीस वर्षं ज्यानं फलकावर एक रकाना रिकामा राहू दिला नाही, त्याच्यानं ते बघवेना. हात आपोआप खिशाकडं गेला. खिशात माझं जुनं लाल पेन असतं, रद्द झालेल्या फेऱ्यांवर काट मारायचं. मी वाकलो आणि म्हशीला शेपूट काढून दिलं.

शेपूट वाईट निघालं. सरळ, ताठ आणि लालभडक. टोकाला गोंडा काढायला गेलो तो धुराचा लोट झाला.

सुभेदार धार काढून आले. चित्राकडं पाहिलं आणि हातातली चरवी हळूच खाली ठेवली. मला वाटलं आता माझी परेड निघणार. पण त्यांनी गणपतला जायला खुणावलं, मला बसवलं आणि ट्रंक उघडून माझं घड्याळ दिलं. घड्याळांच्या खाली कागद होते. त्यांनी ते वर काढले. सगळ्या चंद्रीच, एकीलाही शेपूट नव्हतं.

मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. ते फौजेत होते तेव्हा सासू-सासरे, पोरं, ऊस, जनावरं, सगळं मालनवहिनींनी एकटीनं रेटलं. सासू-सासरे गेले. पोरं पुण्याला लागली. सुभेदार पेन्शन घेऊन घरी आले. आणि वहिनी खाटेवर बसल्या. जेवण वाढलं तर चार घास, विचारलं तर हूं. साताऱ्याच्या डॉक्टरणीनं हा मनाचा आजार आहे म्हणून सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, त्यांचा गुणही थोडा येत होता. पण तिनं हेही सांगितलं होतं की त्यांच्या आवडीचं काही हातात येऊ द्या, आणि घाई करू नका.

"तिचा हात लय चांगला," सुभेदार म्हणाले. "आष्ट्याला कुनाचंबी लगीन निघालं की दाराच्या भितीवर हत्ती आन मोर हिनं काढायचं. हितं आली आन कवा चुन्यात बोट बुडवलं न्हाई. सवडच न्हवती. मला तर रेघ वढता येत न्हवती, कंट्रोलर. शिकलो. शेपूट तिच्यासाठनं ठेवतुया."

"आन वहिनींनी?"

"आजून हात लावला न्हाई. लावंल. गाडी काय सुटत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर या माणसानं एक जागा कोरी राखली होती, आणि तिच्यात मी लाल पेन घातलं होतं. खोडू म्हटलं तर शाई खोडता येत नव्हती. सुभेदारांनी चित्र पुन्हा पाटावर ठेवलं, तोंड आत करून, आणि मला घरी जायला सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, टोकाला पीळ दिलेल्या मिशा. मला वाटलं, परेडमधून डिस्चार्ज द्यायला आले. ही चहा टाकायला आत गेली, आणि सुभेदारांनी सदऱ्यातून घडी न घालता जपून आणलेला तो कागद काढून माझ्यापुढं धरला.

म्हशीला दोन शेपटं होती. एक माझं. आणि त्याच्या बाजूनं पेन्सिलीचं दुसरं, बारीक, डौलदार, नुकतीच माशी हाणून परत येणारं. आम्ही सगळी परेड मिळून जन्मात काढू शकलो नसतो असं.

"सकाळी चहा घिऊन आत गेलो," सुभेदार सांगू लागले, "तर चित्र मांडीवर. मला म्हंती, 'आवं, ह्ये शेपूट कुनी काढलं? म्हशीचं हाय का एस्टीचा सायलेन्सर?'"

मग डोळे पुसण्याचा कुठलाही प्रयत्न न करता म्हणाले, "हसली, कंट्रोलर."

आयुष्यात इतकी वाईट कामगिरी करून इतकं मोठं बक्षीस कुणाला मिळालं नसेल.

सुभेदार टाचा जुळवून उभे राहिले आणि हुकूम सोडला, "हितनं फुडं दर शनवारी शेपूट तुमी काढायचं. लाल पेनानं. आसंच वाईट. सुदारलं तर बघा."

त्यालाही आता पाच-सहा महिने झाले. वहिनी अजून परेडला येत नाहीत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. पण ते दार आता पुरतं उघडं असतं, आणि शनिवारी खाट दाराजवळ सरकलेली असते. अडचण माझीच झाली आहे. रोज चार ते धारेपर्यंत म्हशीकडं बघून बघून माझा हात सुधारत चालला आहे. मागच्या शनिवारी शेपूट बऱ्यापैकी जमलं, तर आतून काही आवाजच आला नाही. सुभेदारांनी माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू.

म्हणून हल्ली मी ते डाव्या हातानं काढतो, आणि वहिनी हसेपर्यंत जागचा उठत नाही.