कमरेतला माल

काळूरामशेठचा उजवा गुडघा सहा महिने संपावर होता आणि नातवाची हळद तीन आठवड्यांवर आली होती. दापोड्याच्या त्या घरात हळद लागली आणि काळूरामशेठ नाचले नाहीत, असं कधी घडलंच नव्हतं. यंदा खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी नवरदेव प्रितेशनेच त्यांना ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं काही नाही, काका. तुमच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या आणि तुमच्याच गुडघ्यात सोडायच्या."

एवढ्यात प्रितेशचा मोबाइल वाजला आणि तो बाहेर गेला. डॉक्टर पुढे पाच मिनिटं बोलत होते, काळूरामशेठ सगळं कळल्यासारखी मान हलवत होते. पण त्यांचं लक्ष कमरेतच अडकलं होतं. शेतजमिनीवर चार गोदामं बांधलेला माणूस तो. एका गोदामातला माल दुसऱ्यात हलवला की पहिलं मोकळं पडतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात दाखल झाले. गुंगीतून जागे झाले तेव्हा कमरेवर पट्टी होती आणि गुडघा कोराच.

"गुडघ्याला पट्टी कशी न्हाय?" घरी येताच शेजारच्या दाजीने विचारलं.

"सुई एकदम बारीक असते, दाजी," प्रितेशने ठोकून दिलं.

दाजीने गुडघा दाबून पाहिला. "काळू, माल काहाडला डाव्या कमरेतून, टाकला उजव्या गुडघ्यान. त्यांचा जमंल का?"

काळूरामशेठ चक्रावले. डॉक्टरांना हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यात बायकोने, पार्वतीबाईंनी, भर घातली. "आवो, कमरेचा माल म्हंजे जलमभर बसलेला. त्याला उभा रव्हाची सवय हाय का?"

हे मात्र खरं होतं. काळूरामशेठनी दुसऱ्याच दिवसापासून पेशींची शिकवणी सुरू केली. सकाळी ओट्यावर उभं राहून गुडघा वाकवायचा आणि सरळ करायचा, आधी पाच वेळा, मग दहा, मग वीस. दुखलं की म्हणायचे, "नवीन हायेत. शिकतील." खुर्चीला तर ते शिवेनात, बसलं की पेशींना जुनं घर आठवेल म्हणून. सहा महिने खुर्ची न सोडलेला माणूस घरभर, मग अंगणभर फिरायला लागला आणि एके दिवशी दाजीला घेऊन थेट मानकोली नाक्यावर चहा पिऊन आला. पेशी हुशार निघाल्या, असं दाजी गावभर सांगत सुटला.

हळदीच्या संध्याकाळी बेंजोवाल्याने पहिला ठेका धरला आणि काळूरामशेठ उठले. पाहुणे दमले, पोरं दमली, बेंजोवाल्याने दोनदा पाणी मागितलं, तरी हे मांडवात फिरतच होते. पार्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. प्रितेशने आजोबांना उचलूनच घेतलं.

सकाळी लग्नाच्या गडबडीत फोन वाजला. तो काळूरामशेठनीच घेतला.

"काका, दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या पेशी लॅबमध्ये छान वाढल्यात. सोमवारी या, गुडघ्यात सोडून टाकू."

"सोमवारी?" काळूरामशेठना काही उमगेना. "आन मंग त्या दिवशी काय केलाव?"

"त्या दिवशी नुसत्या काढल्या होत्या. वाढायला वेळ लागतो, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना! तोवर गुडघ्याला जपा हं. नाचबिच अजिबात नको."

काळूरामशेठनी फोन ठेवला. मग काल मांडवात नाचलं कोण? त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. तो अजून बरा होता, पण किती वेळ बरा राहील, याचा काही भरवसा वाटेना.

"आवो, कोनाचा फोन?" पार्वतीबाई आतून ओरडल्या. "गुडघ्याचा काय म्हनतान?"

काळूरामशेठनी घाईघाईने दोन्ही हातांनी गुडघा झाकला.

"हलू बोल!" ते कुजबुजले. "त्याला आजून काय ठाव न्हाय. सांजच्याला वरात हाय."